पाऊण म्हणजे किती पाव?

पाच भाकऱ्या आहेत आणि जेवायला आठ माणसं. सगळ्यांना सारखा वाटा मिळायला हवा. वहीत याचं उत्तर एका ओळीत संपतं: प्रत्येकाला ५/८. पण प्रत्यक्ष भाकरी मोडायला बसलं की या उत्तराने काम भागत नाही. पाचही भाकऱ्यांचे आठ-आठ तुकडे करून प्रत्येक ताटात पाच-पाच कुटके टाकणारं माणूस कुठल्या घरात सापडेल असं वाटत नाही. वाढणारा आधी चार भाकऱ्या मधोमध मोडेल. आठ अर्ध्या झाल्या, आठ ताटांत गेल्या. उरलेल्या एका भाकरीचे तेवढे आठ भाग करेल. म्हणजे प्रत्येकाला अर्धी भाकरी आणि वर एक अष्टमांश. ५/८ = १/२ + १/८.

या दुसऱ्या उत्तरात पहिल्यापेक्षा जास्त माहिती आहे. वाटा अर्ध्यापेक्षा जास्त आहे हे लगेच कळतं, किती जास्त तेही कळतं, आणि वाटायचं कसं हेसुद्धा कळतं. ५/८ नुसतं लिहिलं तर यातलं काहीच वर दिसत नाही. अपूर्णांक मोडता येतो, आणि एकच अपूर्णांक अनेक तऱ्हांनी मोडता येतो, ही गोष्ट आपण मुलांना फार उशिरा सांगतो. बऱ्याचदा सांगतच नाही. थेट बेरजेचे, समच्छेदाचे, तिरप्या गुणाकाराचे नियम हातात देतो आणि मग मुलं नियमांची सरमिसळ करतात म्हणून कपाळाला हात लावतो.

शाळेत अपूर्णांकाची पहिली ओळख बहुधा चित्रातून होते. एक वर्तुळ, त्याचे चार भाग, त्यांतले तीन रंगवलेले. वर तीन, खाली चार, मध्ये आडवी रेघ. मूल दोनदा मोजतं आणि दोन संख्या लिहितं. उत्तर बरोबर येतं, पण ३/४ ही एकच संख्या आहे, ती अर्ध्यापेक्षा मोठी आणि एकापेक्षा लहान आहे, याची नोंद मनात होतेच असं नाही. मुलाच्या लेखी वरच्या मजल्यावर तीन आणि खालच्या मजल्यावर चार अशी ती दोन वेगळी बिऱ्हाडं असतात. मग बेरीज आली की वरचे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवले जातात: १/२ + १/३ = २/५. अर्ध्यात काहीतरी घातलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, याचं त्या मुलाला काही वाटत नाही, कारण २/५ किती मोठं असतं हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्रीय पातळीवरच्या एका शैक्षणिक पाहणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं गेलं होतं, की १२/१३ + ७/८ याचं उत्तर साधारण किती येईल? अचूक उत्तर काढायचं नव्हतं, अंदाज करायचा होता. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाला जेमतेम एक तुकडा कमी आहेत, तेव्हा उत्तर २च्या जवळ येणार हे उघड आहे. पण २ हा पर्याय फक्त २४ टक्के मुलांनी निवडला. १९ला आणि २१ला त्याहून जास्त मतं पडली. बारा नि सात एकोणीस, तेरा नि आठ एकवीस.

तेरा वर्षांच्या मुलांना बेरीज येत नव्हती असं म्हणायला जागा नाही. त्यांना दिसत नव्हतं ते हे, की १२/१३ म्हणजे तेराव्या हिश्शाचे बारा तुकडे. अंशाच्या जागी १ असलेला अपूर्णांक, म्हणजे १/२, १/३, १/१३, याला एकक अपूर्णांक म्हणतात. बाकी कुठलाही अपूर्णांक या एककाचे सुटे तुकडे मोजून तयार होतो. छेद तुकड्याचा आकार सांगतो आणि अंश त्या तुकड्यांची संख्या. छेद हे त्या तुकड्याचं नाव आहे म्हणा ना. आणि नावांची बेरीज कोणी करत नाही.

हे कुणाला पटत नसेल तर त्याने बांधकामावरच्या फिटरशी बोलावं. आपल्याकडे गवंडी, फिटर, सुतार इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण इंच. लोखंडी सळ्या आता मिलिमीटरमध्ये येतात, तरी दहा मिलिमीटरची सळी मागताना ‘तीन सूत’ म्हणायची पद्धत अजून गेलेली नाही. अशा माणसाला पाच सूत आणि तीन सूत मिळून किती असं विचारलं तर तो आठ सूत, म्हणजे सरळ एक इंच, असं सांगेल. वहीत ५/८ + ३/८ = ८/१६ लिहिणारी मुलं दर वर्गात भेटतात. सुताच्या हिशोबात मात्र ही चूक करायची म्हटली तरी करता येत नाही. तुकड्याला स्वतःचं नाव असलं, की तो आंब्यासारखा किंवा रुपयासारखा मोजता येतो.

रुपयाचंच घ्या. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे होते, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. आठ आण्यांची अधेली, चार आण्यांची पावली, दोन आण्यांची चवली. पंधरा आणे द्यायचे झाले तर अधेली, पावली, चवली आणि एक आणा अशी चार नाणी हातावर ठेवायची: १/२ + १/४ + १/८ + १/१६ = १५/१६. बाजारात जाणारं दहा वर्षांचं पोर ही फोड रोज करत होतं आणि आपण अपूर्णांकांची बेरीज करतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. तिघांत रुपया वाटायचा झाला तरी अडत नव्हतं. पाच आणे चार पै, म्हणजे ६४ पै, तिघांना बरोबर येतात. १९२ला ३ने भाग जातो. शंभरला जात नाही. दशमान पद्धत हिशोबाला सोपी आहे यात वादच नाही, पण रुपयाची तिघांत चोख वाटणी करायची सोय तिने काढून घेतली हेही खरं.

त्या काळच्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. औटकी साडेतीनची. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणताना ते घोकले जात. या घोकंपट्टीबद्दल आता गहिवरून बोलण्याची फॅशन आहे. मला तेवढं गहिवरायला होत नाही, कारण पाठ असलेला पाढा समजलेला असतोच असं नाही आणि मार खाऊन पाठ केलेला तर नाहीच. पण पावकीत एक गोष्ट अगदी नेमकी होती. पावकी म्हणजे १/४ हा तुकडा एक, दोन, तीन, चार असा मोजत जाणं. चार पावांना एक पुरा होतो आणि मोजणी थांबत नाही. सात पाव झाले की पावणेदोन. आजच्या पुस्तकातला ७/४ हा अंशाधिक अपूर्णांक मुलांना विचित्र वाटतो, कारण ‘चारपैकी तीन’ म्हणत अपूर्णांक शिकलेल्याला ‘चारपैकी सात’ हे कोडंच वाटणार. चारपैकी सात भाग रंगवायचे कुठून? पावकी म्हणणाऱ्याला हा प्रश्न पडत नव्हता. पाव पुष्कळ आहेत, सात मोजायचे.

म्हणून पहिल्या वर्षी तरी ३/४ हे ‘तीन छेद चार’ असं वाचू नये असं माझं मत आहे. ‘तीन चतुर्थांश’ म्हणावं, किंवा सरळ ‘तीन पाव’. २/५ म्हणजे ‘दोन पंचमांश’. छेदाचा उच्चार तुकड्याचं नाव म्हणून झाला की दोन सप्तमांश आणि तीन सप्तमांश मिळून पाच सप्तमांश होतात. ‘दोन छेद सात अधिक तीन छेद सात’ यात मात्र सात दोनदा कानावर पडतो आणि चौदा होण्याची वाट मोकळी होते.

आता वर्गात हे करायचं कसं? सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे चौकटीच्या वहीतली बारा घरांची पट्टी. बाराच का, तर त्याचे दोन, तीन, चार आणि सहा असे सारखे भाग होतात. अर्धी पट्टी सहा घरांची, तृतीयांश चार घरांचा, पाव तीन घरांचा, षष्ठांश दोन घरांचा. अशा पुष्कळ पट्ट्या कापून, एकेका भागाला एकेक रंग देऊन त्या मुलांच्या हातात द्यायच्या आणि विचारायचं, पाऊण पट्टी किती तऱ्हांनी भरता येईल? तीन पाव ठेवता येतात. अर्धा आणि पाव ठेवता येतो. अर्धा, षष्ठांश आणि एक सुटं घर ठेवता येतं, म्हणजे १/२ + १/६ + १/१२. कुणी तरी हुशारी करून पूर्ण पट्टी ठेवेल आणि शेवटचा पाव झाकेल, १ – १/४. हे उत्तरही फळ्यावर लिहायचं. मग १/२ + १/३चा प्रश्न आला की नियम सांगावा लागत नाही. अर्ध्याच्या जागी तीन षष्ठांश बसतात, तृतीयांशाच्या जागी दोन, एकूण पाच. समच्छेद करणं म्हणजे दोघांनाही पुरेल असा बारीक तुकडा शोधणं, एवढीच त्यात युक्ती आहे. लसावि नंतर येऊ दे.

वाटणीचा प्रश्नही तितकाच उपयोगी पडतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी अपूर्णांक शिकवताना वाटणी आणि मोजमाप या दोन गोष्टी पायाशी घेऊन काम केलं आहे. हॉलंडमध्ये लेएन स्ट्रीफलंड यांनीही मुलांना न्याय्य वाटणीच्या प्रश्नांतून अपूर्णांकांकडे नेलं होतं. तीन पोळ्या चौघांत वाटा, असं सांगितलं की मुलं दोन तऱ्हा काढतात. काही जण प्रत्येक पोळीचे चार भाग करतात आणि प्रत्येकाला तीन पाव देतात. काही जण दोन पोळ्या अर्ध्या करतात आणि तिसरीचे चार भाग, म्हणजे प्रत्येकाला अर्धी आणि पाव. मग भांडण लागतं, कुणाला जास्त मिळालं? हे भांडण लागू द्यावं. शिक्षकाने लगेच ‘दोन्ही सारखंच’ असं सांगून टाकलं तर ३/४ = १/२ + १/४ हे मुलांनी स्वतः पटवून घेण्याची संधी जाते. शिवाय पुढचा प्रश्न तयारच असतो. तीन पोळ्या चौघांत वाटल्या तर एकाला जास्त मिळतं, की चार पोळ्या पाच जणांत वाटल्या तर? एकीकडे वाटा पोळीला पावाने कमी पडतो, दुसरीकडे पंचमांशाने. पंचमांश लहान, म्हणजे तिथे कमतरता कमी. पाच जणांच्या गटात बसावं.

लहानमोठेपणा ठरवताना मोडण्याची सवय फार कामाला येते. ३/५ मोठा की ५/८? तिरपा गुणाकार केला तर २४ आणि २५ येतात, उत्तर मिळतं, समजत काही नाही. आता दोन्हींतून अर्धा बाजूला काढा. ३/५ = १/२ + १/१०. ५/८ = १/२ + १/८. उरलेल्यांत अष्टमांश मोठा, म्हणून ५/८ मोठा. आठवा हिस्सा दहाव्या हिश्शापेक्षा मोठा असतो एवढं कळलेलं मूल हे करू शकतं. इथे एक अडसर मात्र खरा आहे. ८ पेक्षा १० मोठा, म्हणून १/१० मोठा, ही समजूत पूर्णांकांच्या सवयीतून आलेली असते आणि चिवट असते. जेवणारे वाढले की वाटा कमी होतो हे मुलांना माहीत असतं, फक्त ते वहीत आणायचं असतं.

वजाबाकीत हातचा घेताना काय होतं ते पाहण्यासारखं आहे. सव्वातीनातून पावणेदोन वजा करायचे. ३ १/४ – १ ३/४. एका पावातून तीन पाव जात नाहीत, म्हणून तीनमधला एक घ्यायचा. आता पूर्णांकांच्या वजाबाकीत हातचा म्हणजे दहा असतो, म्हणून कित्येक मुलं इथेही एकाचे दहा करतात आणि अंश ११ लिहितात. त्यांचा काहीच दोष नाही. एक मोडला की त्याचे किती तुकडे होतात हे छेदावर अवलंबून असतं, हे त्यांना कुणी दाखवलं नाही. इथे एकाचे चार पाव होतात. ३ १/४ = २ + ४/४ + १/४, म्हणजे दोन आणि पाच पाव. त्यातून एक आणि तीन पाव गेले, उरले एक आणि दोन पाव, म्हणजे दीड. सव्वातीन, पावणेदोन, दीड हे शब्द मुलाला घरात ऐकून माहीत असतात आणि घड्याळातही त्यांची गाठ पडते. वहीतली वजाबाकी आणि घड्याळातली वजाबाकी एकच आहे हे त्याला दिसावं लागतं.

मोडायला शिकवण्यातही एक खड्डा आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी २०१० नंतर स्वीकारलेल्या समान अभ्यासक्रमात चौथीच्या मुलांनी एक अपूर्णांक समान छेदाच्या अपूर्णांकांत निरनिराळ्या तऱ्हांनी फोडून दाखवावा अशी अपेक्षा लिहिलेली आहे. अपेक्षा उत्तम. पण तिचा सराव घ्यायचा म्हणून ५/६ = __ + __ अशा रिकाम्या जागांचे तक्ते मुलांपुढे ठेवले, की मूल ५चे २ आणि ३ करतं, दोन्हींखाली ६ लिहितं आणि पुढे जातं. उत्तर शंभर टक्के बरोबर. त्या मुलाने छेदाकडे एकदाही पाहिलेलं नसतं. त्याने पाचची फोड केली, जी त्याला पहिलीपासून येते. म्हणून याच प्रश्नाला एक अट जोडावी, की तुकडे एकाच मापाचे नकोत. ५/६ मध्ये अर्धा बसतो का? बसला तर काय उरलं? तीन षष्ठांश गेले, दोन उरले, म्हणजे तृतीयांश. ५/६ = १/२ + १/३. आता छेदाकडे पाहिल्याशिवाय सुटका नाही.

अपूर्णांकांवर एवढा वेळ घालवावा का, असं पालक विचारतात. रॉबर्ट सीग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मुलांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून दाखवलं, की दहाव्या-बाराव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार यांची समज किती आहे यावरून माध्यमिक शाळेतल्या बीजगणिताचा आणि एकूण गणिताचा अंदाज बराच चांगला बांधता येतो. मुलाची बुद्धिमत्ता, घरची मिळकत आणि पालकांचं शिक्षण लक्षात घेऊनही हा संबंध टिकून होता.

मोडण्याची ही कला कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा कितीतरी जुनी आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी १५५०च्या सुमारास अहमोस नावाच्या लेखनिकाने पपायरसवर एक गणिताचं पुस्तक उतरवून काढलं. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर हेन्री ऱ्हाइंड यांनी ते १८५८ साली लक्सर इथे विकत घेतलं, म्हणून त्याला ऱ्हाइंड पपायरस म्हणतात. त्याचा बहुतेक भाग आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. या लोकांकडे २/३ सारखा एखादा अपवाद सोडला तर अंशाच्या जागी १ सोडून दुसरं काही लिहायची सोयच नव्हती. एकक अपूर्णांक तेवढे लिहायचे आणि तेही एकदा वापरलेला पुन्हा न वापरता. पुस्तकाच्या सुरुवातीला एक लांबलचक कोष्टक आहे, दोनला ३ पासून १०१ पर्यंतच्या विषम संख्यांनी भागल्यावर काय येतं याचं. २/५ = १/३ + १/१५. २/७ = १/४ + १/२८. शेवटी २/१०१ = १/१०१ + १/२०२ + १/३०३ + १/६०६.

त्यापुढे पाव-भाकरीचे प्रश्न येतात. सात पाव दहा माणसांत वाटायचे. अहमोसचं उत्तर ७/१० नाही, तर २/३ + १/३०. हे उत्तर आपल्याला आडवळणाचं वाटतं. आज कुणी सात पाव असे वाटायला जाणार नाही, आणि इजिप्तची पद्धत शाळेत आणावी असं मी मुळीच म्हणत नाही. आडव्या रेघेने, म्हणजे अंश-छेदाच्या लिखाणाने, हिशोब किती हलका केला हे समजायला मात्र या पपायरससारखं दुसरं साधन नाही. आणि सहावी-सातवीच्या मुलांना एखाद्या तासाला त्यांची अट घालून खेळायला दिलं तर वर्ग रंगतो. अंश एकच हवा, छेद वेगवेगळे हवेत, करा ४/५ची फोड. आधी अर्धा काढा, उरले ३/१०. त्यातून पाव काढा, उरला १/२०. झालं, ४/५ = १/२ + १/४ + १/२०.

दर वेळी मावेल तेवढा मोठा एकक अपूर्णांक काढून घ्यायचा, ही रीत पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२च्या आपल्या पुस्तकात दिली आहे. ती कधी फसत नाही. फोड कुठे तरी संपतेच. पण हावरेपणाचे तोटे तिलाही आहेत. ५/१२१ या गरीब दिसणाऱ्या अपूर्णांकावर ती चालवली तर पाच तुकडे होतात आणि शेवटच्याचा छेद पंचवीस अंकी निघतो. जरा सबुरीने घेतलं तर १/३३ + १/१२१ + १/३६३ अशा तीन तुकड्यांत काम होतं.

आपल्याकडे या विषयावर सविस्तर लिहिलं ते महावीराचार्यांनी. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इसवी सन ८५०च्या सुमारास, या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ रचला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा याच राष्ट्रकूटांच्या अमलाखाली होता. ग्रंथात अपूर्णांकांवर ‘कलासवर्ण’ नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात एक पुरा कितीही एकक अपूर्णांकांत कसा मोडावा याची रीत दिली आहे. आधी अर्धा घ्यायचा, मग तृतीयांश, मग नवमांश, मग सत्ताविसावा भाग, असं छेदाला तीनने गुणत जायचं. फक्त शेवटच्या तुकड्याचा छेद त्याआधीच्या छेदाच्या तिपटीऐवजी दुप्पट घ्यायचा. तीन तुकडे हवे असले तर १/२ + १/३ + १/६. चार हवे असले तर १/२ + १/३ + १/९ + १/१८.

ही चार तुकड्यांची फोड ओळखीची वाटते का? सतरा उंटांची गोष्ट आठवा. बापाने मरताना सांगितलं, थोरल्याला अर्धे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. सतराचे अर्धे होईनात. मग शहाणा माणूस आपला उंट घेऊन येतो, अठरा होतात, नऊ, सहा आणि दोन वाटले जातात आणि त्याचा उंट त्याला परत मिळतो. ही गोष्ट मुलांना चमत्कार म्हणून सांगतात आणि सोडून देतात. पण तीन हिश्शांची बेरीज १७/१८ होते. बापाने मुळात पूर्ण इस्टेट वाटलीच नव्हती. एक अठरांश शिल्लक राहत होता. तोच तो शहाण्याचा उंट आणि तोच महावीराचार्यांचा चौथा तुकडा. मुलांना हे स्वतः शोधू द्यावं, आणि मग त्यांनाच अशी नवी गोष्ट रचायला सांगावं. १/२ + १/४ + १/५ घेतले तर बेरीज १९/२०, म्हणजे एकोणीस उंट. १/२ + १/३ + १/७ घेतले तर ४१/४२, एक्केचाळीस उंट. कोणत्या फोडी चालतात आणि कोणत्या नाही, हे शोधताना पोरं तासभर गप्प बसतात.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, याच्या पुढची पायरी येते, भागाचाही भाग. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे; खानदेशातल्या शाळांना हे सांगायला हरकत नाही. लीलावतीतलं उदाहरण एका कंजुषाचं आहे. दारात आलेल्या याचकाला त्याने एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन-तृतीयांशाच्या पाऊण भागाच्या पंचमांशाच्या सोळाव्या भागाचा पाव भाग दिला, तर दिलं किती? द्रम्माचे १६ पण, पणाच्या ४ काकिणी, काकिणीच्या २० कवड्या, म्हणजे द्रम्माच्या १२८० कवड्या. आता मोडत जायचं. अर्ध्याचे तीन भाग करून दोन घेतले, तृतीयांश झाला. त्याचे चार करून तीन घेतले, पाव झाला. पावाचा पंचमांश म्हणजे १/२०, त्याचा सोळावा १/३२०, त्याचा पाव १/१२८०. याचकाच्या हाती एक कवडी पडली. अपूर्णांकांचा गुणाकार करताना उत्तर लहान का होतं, हे समजावायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. कंजूसपणा मुलांना लगेच कळतो.

या सगळ्याला लहान मुलांचा खेळ समजू नये. पॉल एर्डिश आणि अर्न्स्ट स्ट्राऊस या गणितज्ञांनी १९४८ साली एक अनुमान मांडलं: २ किंवा त्याहून मोठी कुठलीही संख्या छेदात घ्या, ४ला तिने भागून येणारा अपूर्णांक तीन एकक अपूर्णांकांत मोडता येतोच. ४/१३ = १/४ + १/१८ + १/४६८. ४/१७ = १/५ + १/३० + १/५१०. संगणकाने प्रचंड मोठ्या छेदांपर्यंत तपासून पाहिलंय, कुठेही अडलेलं नाही. पण ते दर वेळी जमतंच, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. समच्छेद येणारा सातवीतला कोणताही मुलगा किंवा मुलगी हा प्रश्न समजू शकते आणि छेदात १९, २३, २९ घेऊन स्वतः फोडी शोधू शकते. ४/१९ला पहिला तुकडा १/५ काढला की उरतो १/९५, म्हणजे दोनच तुकड्यांत काम झालं. तीनच हवेत म्हटलं तर १/९५ पुन्हा मोडावा लागेल, आणि त्याची एक फोड आहे १/९६ + १/९१२०.